नाटक शिकवताना : आधी बोली, मग रंगमंच

(बालवाडीताई, अभ्यासिका चालवणारे कार्यकर्ते व प्राथमिक शिक्षक यांच्यासाठी पाठ)

चाकणची औद्योगिक वसाहत ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्याच्या पश्चिमेला भीमाशंकरच्या डोंगरात महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी यांच्या वाड्या आहेत. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीच्या कामाला बाहेर पडतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. काहीजण बांधकामावर किंवा मिळेल त्या मजुरीवर राहतात. मुलेही बरोबर असतात. ती शाळेत गेलीच तर मागे गप्प बसतात. शिक्षकांना वाटते, याला काही येत नाही. पुष्कळदा त्याला येत असते. पण घरचे शब्द वर्गात चालत नाहीत आणि पुस्तकातले शब्द अजून तोंडात बसलेले नसतात.

अशा मुलासाठी नाटक फार उपयोगी आहे. मात्र पाहुणे आले की मुलांना पाने-पिसे बांधून नाचवणे म्हणजे नाटक शिकवणे नव्हे. मुलाने न घाबरता, चार माणसांसमोर, स्वतःचे म्हणणे मांडावे हा आपला हेतू आहे. कायद्यालाही तेच अपेक्षित आहे. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २९ मध्ये म्हटले आहे की शिक्षण शक्य तेथवर मातृभाषेतून असावे, मूल भयमुक्त असावे आणि त्याला आपली मते मोकळेपणाने मांडता यावीत.

आधीच्यांनी काय केले

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये वाढले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी पाड्यावरच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मुलाच्या जगण्यात जे आहे तेथून शिकवायला सुरुवात करावी, हा धडा त्यातून घेता येतो.

मराठी बालरंगभूमीनेही अशी वाट पाहिली आहे. सुधा करमरकर यांच्या लिटल थिएटरने १९५९ साली रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले. पुढे बर्लिनच्या ग्रिप्स नाट्यचळवळीचे काम डॉ. मोहन आगाशे यांनी पुण्यात रुजवले. या नाटकांत राजा-राक्षस नसतात. घर, शाळा, भांडण, भीती असे मुलांचे रोजचे प्रश्न असतात. आपल्याला हेच हवे आहे.

आदिवासी मुलांना नाटक नवे आहे असेही समजू नये. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटे घालून सोंगे नाचतात. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या जपल्या. त्यातील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तुमच्या वाडीत कोणती सोंगे, गाणी, नाच आहेत ते आजी-आजोबांना विचारून पाठाला लागावे.

पाठ : चार दिवस, रोज चाळीस मिनिटे

पंधरा-वीस मुले आणि थोडे मोकळे अंगण एवढे पुरे. पडदा, माइक, पोशाख यांची गरज नाही.

*पहिला दिवस – अंग मोकळे करणे.* सर्वांनी गोल उभे राहावे. एकेकाने न बोलता घरातले एक काम करून दाखवावे : चिखल मळणे, साच्यात विटा पाडणे, मोळी बांधणे, खेकडे धरणे, तान्ह्या भावाला निजवणे. बाकीच्यांनी ओळखावे. वर्गात गप्प असणारे मूल येथे बहुधा पुढे येते, कारण हे काम त्याला नीट येत असते.

*दुसरा दिवस – गोष्ट सांगणे.* ‘आमची बिऱ्हाडे निघाली तो दिवस’ किंवा ‘पहिल्यांदा शाळेत गेलो’ असा विषय द्यावा. मुलांनी घरच्या बोलीत सांगावे. मध्येच शब्द दुरुस्त करू नये. आपल्याला न कळलेला शब्द मुलालाच विचारावा आणि फळ्यावर लिहावा.

*तिसरा दिवस – गोष्ट उभी करणे.* सर्वांनी मिळून एक गोष्ट निवडावी आणि तिचे तीन भाग पाडावेत : काय घडले, अडचण कोणती आली, पुढे काय झाले. संवाद लिहून पाठ करायला देऊ नयेत. मुले उभी राहिली की आपोआप बोलू लागतात. पात्रे बदलत राहावीत, म्हणजे एकच मूल नायक होणार नाही.

*चौथा दिवस – शेवट बदलणे.* अडचणीच्या जागी नाटक थांबवावे आणि बघणाऱ्या मुलांना विचारावे, ‘तू असतीस तर काय केले असतेस?’ जिला सुचेल तिने आत येऊन करून दाखवावे.

नमुना : ‘दाखला’

एक कुटुंब भट्टीवर येते. मुलगी जवळच्या शाळेत जाते. तिला सांगतात, जुन्या शाळेचा दाखला आण. मुलगी परत फिरते. येथे नाटक थांबवावे. मुले शेवट सुचवतील, आणि मग ताईने कायदा सांगावा. सरकारी व अनुदानित शाळांच्या बाबतीत कलम ५ म्हणते की दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारू नये, असे कलम १४ सांगते. कलम ४ प्रमाणे मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचे असते. हे नाटक एकदा पालकांसमोर, भट्टीवरच, संध्याकाळी करावे. पुढच्या वर्षी मुलाचे नाव शाळेत टिकेल की नाही हे पालकांच्या धीरावर बरेच अवलंबून असते, आणि मुलांच्या तोंडून ऐकलेले त्यांच्या ध्यानात राहते.

सांभाळावयाच्या गोष्टी

काळ्या रंगाच्या मुलाला राक्षस आणि गोऱ्या मुलीला राणी करू नये. दारू, मारहाण असे घरातले दुःख मुलाने गोष्टीत आणले, तर ते सर्वांसमोर खेळायला लावू नये. नंतर एकट्याशी बोलावे आणि गरज पडल्यास १०९८ या चाइल्डलाइनची मदत घ्यावी. फोटोसाठी मुलांना ताटकळत ठेवू नये.

पुस्तकी मराठी शिकवायची नाही, असा याचा अर्थ नाही. चौथ्या दिवसानंतर फळ्यावरचा घरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द शेजारी-शेजारी लिहावेत. मुलांनी त्याच नाटकाची पाच वाक्ये लिहावीत. स्वतः बोललेले वाक्य लिहायला मूल कमी कचरते.

पिंपरी-चिंचवडमध्ये जानेवारी २०२४ मध्ये शंभरावे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन झाले. भोसरी आणि चिंचवडची मोठी नाट्यगृहे आपल्या केंद्रांपासून दूर नाहीत. आपली मुलेही तेथे एक दिवस जावीत. पण सुरुवात अंगणातूनच करायची आहे.

मासिक बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या केंद्रात महिनाभर न बोललेली मुले कोणती? त्यांना कोणते काम उत्तम येते?
२. मुलांच्या बोलीतले दहा शब्द आपण शिकलो का?
३. या हंगामात आपल्या भागात आलेल्या किती मुलांचे नाव शाळेत दाखल झाले? राहिलेल्यांसाठी कोण, कोणत्या दिवशी शाळेत जाणार?