थोड्या नियमांचा खेळ आणि लढाईचा प्रश्न

1875 साली जबलपूरच्या छावणीतील अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये, बिलियर्ड्सच्या मेजावर, एक नवा खेळ जन्मास आला. नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने ‘ब्लॅक पूल’ या प्रचलित खेळात आणखी काही रंगीत चेंडू मिसळले आणि सोपा चेंडू चुकविणाऱ्या एका सहकाऱ्यास थट्टेने ‘स्नूकर’ म्हटले. वूलविचच्या लष्करी प्रबोधिनीत नवख्या छात्रांना हे नाव होते. ते खेळालाच चिकटले. पण त्याचे नियम लेखी होऊन बिलियर्ड्सच्या खोलीत लागले ते 1882 मध्ये, उटकमंडच्या क्लबात. मधली सात वर्षे खेळ बहुधा तोंडी समजुतीवरच चालला असावा. जे खेळत होते ते एकमेकांना ओळखत होते, म्हणून ते निभावले.

मेजाभोवती बसून, बोलून खेळावयाच्या भूमिकाखेळातही हीच अडचण येते. या खेळात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो आणि ते पात्र काय करते ते सांगतो. सूत्रधार परिस्थितीचे वर्णन करतो. परिणाम अनिश्चित असेल तेथे फासे पडतात. अशा खेळांचे काही नियमग्रंथ शेकडो पानांचे असतात, तर काहींचे नियम दोन पानांत मावतात. दुसऱ्या प्रकारच्या खेळात गप्पा, प्रवास, कपटकारस्थाने सुरळीत चालतात. लढाई सुरू झाली की मात्र आवाज चढतात, कारण तेथे पात्राचा जीव जाऊ शकतो, आणि महिनोन्‌महिने जपलेले पात्र असे गमावणे ही खेळाडूच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

याच शहरातील, ओमती नाल्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ओमती वस्तीतील एखाद्या घराची बैठक डोळ्यांपुढे आणावी. चार मित्र खेळावयास बसले आहेत. प्रसंग 1564 सालचा. जबलपूरनजीक नरई येथे राणी दुर्गावती आसफखानाच्या मोगल फौजेशी लढत आहे. पहिल्या दिवसाच्या लढाईनंतर रात्रीच छापा घालावा असे राणीचे मत होते. सरदारांनी ते मानले नाही, आणि दुसऱ्या दिवशी शत्रूच्या तोफा येऊन पोहोचल्या. खेळणाऱ्यांनी तो न घडलेला छापाच खेळावयाचे ठरविले आहे. (भूमिकाखेळाची खरी गंमत बहुतेक वेळा अशा न घडलेल्या गोष्टींतच असते.)

त्यांच्या खेळात लढाईचा नियम एकच. दोन फासे टाकावेत. बेरीज दहा वा अधिक आल्यास कार्य साधते, सात ते नऊ आल्यास साधते परंतु काही किंमत मोजावी लागते, सहा वा कमी आल्यास फसते. 2010 मधील ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’ या खेळापासून ही रीत विशेष लोकप्रिय झाली. धाकटा खेळाडू म्हणतो, “मी नाल्यात उतरतो आणि पलीकडच्या पहारेकऱ्यावर झडप घालतो.” फासे पडतात : आठ. सूत्रधार निकाल देतो, “पहारेकरी मेला, पण दुसऱ्याचा बाण तुझ्या गळ्यात बसला. तूही मेलास.” धाकटा उसळतो. किंमत म्हणजे प्राण, हे त्याला कोणी सांगितले होते? सूत्रधार म्हणतो, नियमात ‘किंमत’ एवढेच लिहिले आहे. रडीचा डाव कोणाचा, यावर बैठक मोडते.

दोघेही आपापल्या परीने खरे बोलत आहेत. दोन फाशांचे 36 निकाल संभवतात. त्यांपैकी दहा किंवा वरची बेरीज केवळ 6 वेळा येते. सात ते नऊ 15 वेळा, सहा वा कमी 15 वेळा. म्हणजे कार्य साधण्याच्या 21 शक्यतांपैकी 15 मध्ये किंमत मोजावीच लागणार. जो शब्द नियमात सर्वांत अस्पष्ट, तोच सर्वांत अधिक वेळा लागू पडणार! तेव्हा स्पष्टीकरणाची सुरुवात तेथूनच व्हावयास हवी, आणि ते फासे हातातून सुटण्यापूर्वी झाले पाहिजे. फासे पडल्यानंतर दिलेले स्पष्टीकरण कितीही न्याय्य असले तरी ऐकणाऱ्यास ते पक्षपाती वाटते.

पंचाच्या विवेकावर किती सोडावे, हा वाद पुराणा आहे. 1824 मध्ये प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ या अधिकाऱ्याने नकाशावरील युद्धखेळ रूढ केला. त्यात एक पाळी म्हणजे दोन मिनिटांचे युद्ध. खेळाडू हुकूम लिहून पंचाकडे देत आणि पंच फासे व कोष्टके पाहून हानी ठरवी. कोष्टके वाढली तसा खेळ मंदावला. 1876 मध्ये फेर्डी द्यु व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने फासे व कोष्टके दोन्ही वगळून सर्व निर्णय अनुभवी पंचाकडे सोपविले. पण तेथे पंच लढाया पाहिलेला असे. ओमतीच्या बैठकीतील सूत्रधाराने लढाई पाहिलेली नसते, म्हणून त्याचा अधिकार अनुभवावर टेकू शकत नाही. आपला विचार त्याने उघडपणे मांडला तरच इतरांना तो मान्य होईल.

आधुनिक भूमिकाखेळाच्या आरंभीही हे दिसून आले. 1974 मध्ये निघालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या तीन पुस्तिकांनी लढाईसाठी खेळाडूंना ‘चेनमेल’ या आधीच्या युद्धखेळाकडे पाठविले आणि जोडीला एक पर्यायी रीतही दिली. गोंधळ इतका झाला की 1975 मध्ये प्रकाशकांना आपल्या नियतकालिकात लढाईविषयी खुलासे छापावे लागले. उलट 2014 मधील ‘इन्टू द ऑड’ने प्रश्नच कमी केला : वार लागला की नाही यासाठी तेथे फासाच नाही, वार लागतोच, इजा किती ती तेवढी फाशाने ठरते.

दिलेला निवाडा वहीत टिपून ठेवावा, आणि आज खेळाडूस लावलेला नियम उद्या शत्रूसही लावावा. नाल्याच्या पाण्यात धनुष्याची दोरी भिजते असे एकदा ठरले, तर ती मोगल तिरंदाजाचीही भिजली पाहिजे. मात्र वही फुगू लागली तर काही निवाडे खोडावेत; नाहीतर पुन्हा कोष्टकेच हाती येतात. पाळीचा प्रश्न त्याहून सोपा आहे. जो मोठ्याने बोलला तो आधी, असे होऊ नये एवढ्यासाठी सूत्रधाराने सर्वांचे बेत ऐकून घ्यावेत आणि मग कोणाचे काम आधी उरकेल ते सांगावे.

आता तोच प्रसंग पुन्हा. धाकटा नाल्यात उतरण्याचे बोलतो. सूत्रधार सांगतो, “पाणी छातीपर्यंत आहे. पलीकडे दोघे आहेत, एकाजवळ धनुष्य आहे. मधला निकाल लागला तर पहारेकरी पडेल, पण तुला बाण लागेल आणि ओरडा होऊन छावणी जागी होईल. फसलास तर वाहून जाशील, कदाचित मरशीलही. उतरतोस?”

धाकटा फासे हातात खुळखुळवतो, जरा थांबतो आणि विचारतो, “वरच्या अंगाला नाला कोठे उथळ आहे काय?”