प्लायची गिटार आणि स्टेज

दुकानात गेलात की तारा छेडण्याआधी लेबल वाचा. ‘सॉलिड स्प्रूस टॉप’ असं स्वच्छ लिहिलं असेल तर गिटारची पुढची फळी एकसंध लाकडाची. नुसतं ‘स्प्रूस टॉप’ असेल तर बहुतेक वेळा आत स्वस्त लाकडाचे थर आणि वरून स्प्रूसचा पापुद्रा, म्हणजे लॅमिनेट, म्हणजे आपल्या भाषेत प्लाय. शंका असेल तर मधल्या गोल भोकाची कड बघा. वरच्या उभ्या रेघा कडेवरून तशाच खाली उतरल्या तर लाकूड अखंड आहे. थर दिसले तर प्लाय. कडेला जाड काळा रंग फासलेला असेल तर विक्रेत्याला सरळ विचारा, आणि उत्तर देताना तो कुठे बघतो तेही बघा.

प्लाय टाळा असं मला म्हणायचं नाही. दहा हजारांच्या आतबाहेरच्या अशाच गिटारवर मी लग्नांचे संगीत, कॅफेमधल्या संध्याकाळी, भावगीतांची साथ आणि सीझनमध्ये गोव्याच्या शॅकवरचं वाजवणं निभावलं आहे. फक्त सॉलिडचे पैसे मोजून प्लाय घरी आणू नये, आणि प्लाय आणल्यावर तिच्याकडून सॉलिडच्या आवाजाची आशा धरू नये.

कारण आवाजात फरक आहेच. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, फळी बऱ्यापैकी ताठ असते, त्यामुळे ती मोकळेपणाने हलत नाही. खर्ज कमी, आवाज थोडा बंद. एकसंध स्प्रूसची गिटार वाजून वाजून खुलते म्हणतात, तसं हिच्या बाबतीत धरून चालू नका. पाठीमागच्या लाकडाच्या नावाला तर भुलूच नका. तिथेही पापुद्राच असतो. गंमत अशी की अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने ब्राझीलचं शिसव मिळेनासं झाल्यावर १९६९ पासून भारतीय शिसव वापरायला घेतलं. आपल्याकडचं लाकूड तिकडच्या महागड्या गिटारींच्या पाठीला लागतं, आणि आपण इथे मेरांटीच्या प्लायवर ‘काळी दोन’ वाजवत बसतो.

पण स्टेजवर हिशोब बदलतो. ताठ फळी कमी हलते, म्हणूनच ती फीडबॅकला कमी बळी पडते. गिब्सनने १९५० च्या दशकात जे-१६०ई नावाची गिटार काढली, तिची पुढची फळी मुद्दाम प्लायची केली, कारण तिला पिकअप लावून मोठ्याने वाजवायचं होतं. बीटल्सच्या जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन यांनी १९६२ मध्ये याच गिटारी घेतल्या. तेव्हा कोणी तुमच्या प्लायला नाक मुरडलं तर मनाला लावून घेऊ नका.

स्वस्त गिटार खरी फसते ती लाकडात नाही, जुळणीत. कारखान्यात प्रत्येक गिटारीवर हात फिरवायला वेळ नसतो, म्हणून नट उंच ठेवलेला असतो आणि सॅडलही उंच. मग एफ कॉर्ड पकडताना बोटं सोलतात आणि मुलाला वाटतं की आपल्यालाच जमत नाही. घेतानाच हे तपासा: दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली किती जागा उरते ते बघा. केसाएवढी हवी. मग जाड तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटला एकदम दाबा. सहाव्या-सातव्यापाशी जेमतेम व्हिजिटिंग कार्ड जाईल इतकी फट दिसली पाहिजे. ती फार मोठी असेल तर मानेतला ट्रस रॉड किंचित आवळावा लागतो. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली अडीच आणि बारीक तारेखाली दोन मिलिमीटरच्या आसपास उंची असली की हात सुखी.

नट आणि ट्रस रॉडला स्वतः हात लावायचा नसेल तर चांगल्या कारागिराला पैसे द्या. गिटारच्या किमतीच्या दहा-पंधरा टक्के गेले तरी जाऊ द्या. तेवढ्यात ती दुप्पट किमतीच्या गिटारसारखी वाजते असं मी म्हणणार नाही, पण दुप्पट वेळ वाजवता येते हे नक्की.

भावगीताच्या साथीला बसणाऱ्यांसाठी ही जुळणी चैन नाही, गरज आहे. गायिका ऐनवेळी म्हणते, “दादा, आज काळी दोनमध्ये घेऊ.” तुम्ही तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून सी-चे आकार धरता, आणि नेमकं तिथेच तारा उंच असल्या तर कॅपोच्या दाबाने त्या ताणल्या जाऊन चढतात. शेजारी पेटी बसलेली असते, ती तुमच्यासाठी उतरणार नाही. म्हणून कॅपो फ्रेटला अगदी खेटून लावा, लावल्यावर पुन्हा सूर जुळवा, आणि मोबाइलच्या ट्यूनरशी नाही, पेटीशी जुळवा. जुन्या पेट्या ४४० वर असतीलच असं नाही. ट्यूनर हिरवा दाखवतोय म्हणून हटून बसलेले गिटारवाले मी पाहिलेत. श्रोत्यांना ट्यूनर दिसत नाही.

आता पिकअप. हा विषय मी ताणणार आहे, कारण कार्यक्रमात नव्वद टक्के घोळ इथे होतो. एकाच गिटारचे साधी आणि ‘इलेक्ट्रो’ असे दोन प्रकार मिळतात. इलेक्ट्रोमध्ये सॅडलखाली पिएझोची पट्टी असते आणि बाजूला प्रीअँप. एका दुकानाने मला साध्या गिटारला नंतर अशी पट्टी बसवून दिली. घरी छान वाजली. कार्यक्रमात दुसरी तार गायब. कान लावला तर ऐकू येते, स्पीकरमधून येत नाही. सॅडलचा तळ वाकडा घासला गेला होता, त्यामुळे त्या तारेचा दाब पट्टीवर पोचतच नव्हता. पिकअप बसवून घेतलात की दुकानातच अँप लावून सहाही तारा एकेक करून ऐका. आणि सॅडल उतरवायचा असेल तर तळ सपाट काचेवर सँडपेपर ठेवूनच घासावा. बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर कमी हवा असेल तर सॅडल सुमारे दोन मिलिमीटर घासावा लागतो, हेही लक्षात असू द्या.

प्रीअँपमधली ९ व्होल्टची बॅटरी, गिटारला केबल जोडलेली असेपर्यंत जळत राहते. वाजवत असा वा नसा. चहाला जाताना केबल काढा. बॅटरी संपत आली की आवाज एकदम बंद होत नाही. आधी फाटतो, खरखरतो, आणि साउंडवाला मिक्सरशी झटत बसतो. नवी बॅटरी कायम बॅगेत हवी. प्रीअँप नसलेला नुसता पिएझो थेट मिक्सरच्या लाइनमध्ये घातला तर डबा वाजवल्यासारखा आवाज येतो. त्याला जास्त इम्पीडन्सचा इनपुट असलेला डीआय बॉक्स लागतो. लग्नाच्या साउंडवाल्याकडे तो असेल असं गृहीत धरू नका. स्वतःचा ठेवा.

पुण्याजवळच्या एका लॉनवरच्या संगीतात माझ्यामागे बेसचे मोठे डबे आणि समोर मॉनिटर होता. जी कॉर्ड लागली की गिटार घुमायची, बाकीच्या कॉर्डवर ठीक. याला कारण आहे. ड्रेडनॉट आकाराच्या पेटीतली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमते, आणि जी कॉर्डमधला जाड तारेवरचा तिसरा फ्रेट आहे ९८ हर्ट्झवर. मग भोकावर रबराचं झाकण बसवलं, मिक्सरवर १०० च्या आसपासचा भाग खाली घ्यायला लावला, मॉनिटर तिरका करवला आणि मी दोन पावलं बाजूला सरकलो. प्रीअँपवर फेजचं बटण असेल तर तेही दाबून बघावं. कधी लागू पडतं, कधी नाही. प्लायची फळी फीडबॅक कमी करते, बंद करत नाही. बेसच्या डब्यांपुढे उभं राहून कुठलीच गिटार गप्प बसणार नाही.

हवामानाचं म्हणाल तर प्लायला चिंता कमी, पण शून्य नाही. आडव्या थरांमुळे ती सहसा तडकत नाही आणि पावसाळ्यात एकसंध फळीइतकी फुगत नाही. पण मान, फिंगरबोर्ड आणि ब्रिज अखंड लाकडाचेच असतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात फिंगरबोर्ड आकसून फ्रेटची टोकं बाहेर येतात आणि तळहाताला टोचतात. कोकणात आणि गोव्यात तारा गंजतात. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसा, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका. सगळ्यात वाईट म्हणजे मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीची डिकी. आतल्या उष्णतेने गोंद मऊ होतो आणि ब्रिज मागून उचलायला लागतो. ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकतोय का ते महिन्यातून एकदा बघा. सरकला तर तारा सैल करा आणि कारागिराकडे जा. फेविक्विक घालू नका. ज्यांनी घातलं त्यांच्या गिटारी कारागीर हातात घ्यायला तयार होत नाहीत.

तारा कुठल्या लावाव्यात? १२ ते ५३ च्या संचाने सहाही तारांचा मिळून ताण ७० किलोच्या वर जातो. प्लायच्या गिटारला मी ११ ते ५२ चा लावतो. ताण कमी, बोटांना सोपं, ब्रिजलाही आराम. आवाज थोडा पातळ होतो, पण स्टेजवर तो पिएझोतूनच जाणार असतो. स्टुडिओत माइक समोर ठेवून रेकॉर्डिंग करायचं असेल तर मात्र मित्राची सॉलिड टॉपची गिटार मागून आणा. तिथे प्लाय उघडी पडते.

सेकंडहँड घेत असाल तर वरचं सगळं तपासाच, पण आधी मान जिथे पेटीला मिळते तो सांधा बघा. तिथे फट दिसली, किंवा सॅडल घासून घासून ब्रिजच्या पातळीला आला असूनही तारा उंचच असल्या, तर मान पुढे झुकली आहे. ती काढून पुन्हा बसवायचा खर्च बहुतेक वेळा अशा गिटारच्या किमतीहून जास्त होतो. मालक कितीही कमी सांगत असला तरी घेऊ नका, आणि “धाकट्याला शिकायला होईल” म्हणून तर मुळीच नको. त्या उंच तारांवर तो पहिल्याच महिन्यात गिटार सोडून देईल.