कोल्हापुरी चप्पल : टिकाऊपणाची पारख
कोल्हापुरी चप्पल घेताना ग्राहकाची नजर प्रथम नक्षीकडे जाते. टिकाऊपणा मात्र तळात असतो. पारंपरिक पद्धतीत बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेल्या कातड्याचे थर चामड्याच्याच वादीने शिवतात, खिळा मारत नाहीत. म्हणून चप्पल उलटी करून कडेची शिवण अवश्य पाहावी. पुठ्ठ्यावर पातळ कातडे चिकटवलेला माल पाण्याने फुगतो आणि स्वस्तात घेतलेली चप्पल त्याच वर्षी पुन्हा घ्यावी लागते. बदनामी मात्र कारागिराच्या वाट्याला येते! २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्हे येतात. अस्सल चप्पलही पावसाळ्यात वापरू नये. भिजलीच तर सावलीत वाळवावी. उन्हात कातडे तडकते.