फोन समुद्रात, राग दुकानात

कुडाळ

चि. प्रथमेश यास,


देवबागला पर्यटकांचे फोटो काढताना तुझा नवा फोन समुद्राच्या पाण्याने बिघडला आणि तू मालवणच्या बाजारात जाऊन दुकानातल्या पोरग्याला चार माणसांत झापलंस, हे वहिनीकडून कळलं. तो पोरगा पगारी नोकर. पाण्याने बिघडलेल्या फोनला वॉरंटी नाही, हे कंपनीने जे पढवलं, ते त्याने तुला ऐकवलं.

फोन पाण्याला दाद देत नाही असं सांगणाऱ्या खोक्यावरच्या ‘आयपी ६८’चा अर्थ कोणी सांगत नाही. ती चाचणी गोड्या पाण्यात होते. किती खोल, किती वेळ, हे कंपनीच ठरवते. खारं पाणी चार्जिंगच्या खाचेत राहिलं आणि तसाच चार्जर लावला, की पिना गंजतात. जाहिरातीत मात्र फोन पाण्यात मजेत पोहतो आणि वॉरंटीच्या बारीक अक्षरांत ‘पाण्याने झालेलं नुकसान वगळून’ असतं. माझ्या मते खरी लबाडी इथे आहे. तुझा फोन दुसऱ्या कंपनीचा, पण ऑस्ट्रेलियात सॅमसंगच्या तिथल्या कंपनीला अशाच जाहिरातींपायी २०२२ साली न्यायालयाने १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. फोन पोहण्याच्या तलावात, समुद्रात चालतो असं त्या जाहिरातींतून भासवलं होतं.

तुझाही वाटा आहेच. स्कूबाच्या होडीवर काम करतंस, खारा पाणी लोखंडाचा काय करता ता तुका मी सांगूक होया?

आता कामाचं. बिल शोध. दुकानदाराने दिलंच नसेल, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे. आधी कंपनीला लेखी तक्रार कर, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदव. तरीही दाद लागली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनीचं ऑफिस कुठेही असो, तू राहतोस त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील हवाच असंही नाही. मुदत दोन वर्षांची. जिंकशीलच असं मी म्हणत नाही. पाण्यात फोन तू नेलास, हे कंपनीचा वकील पहिल्यांदा काढणार. म्हणून तुझी बाजू त्या जाहिरातीवरच उभी राहील. ती काढून टाकायच्या आत तिचा स्क्रीनशॉट आजच घे.

आणि बाजारात जाशील तेव्हा त्या पोरग्याशी दोन शब्द नीट बोल.

तुझा,
भाऊकाका