माळावरील विष्णुक्रांता
(परिसर अभ्यास : निरीक्षणपाठ, इयत्ता ४ थी)

हेतू : सुपे परिसर पर्जन्यछायेत येतो. येथील मुरमाड माळास ‘ओसाड’ म्हणण्याची मोठ्यांची सवय मुलांच्याही मुखी येते. हा समज विद्यार्थ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पारखून पाहावा, हा या पाठाचा हेतू होय.

पूर्वतयारी : भिंग, पट्टी व वही. पावसाळ्याच्या उत्तरार्धात सकाळच्या पहिल्या तासास वर्ग माळावर न्यावा. विष्णुक्रांतेची फुले सकाळी उमलतात व दुपारपर्यंत मिटतात. मधल्या सुटीनंतर गेल्यास मुलांस केवळ गवत दिसेल आणि ‘येथे काही नाही’ हाच ग्रह दृढ होईल.

निरीक्षण : विद्यार्थ्यांस खाली बसवावे; उभ्याने हे फूल नजरेस येत नाही. निळे, वाटोळे फूल पट्टीने मोजवावे; ते सेंटीमीटरभरही क्वचितच भरते. नंतर पानावर भिंग धरावे. त्यावरील रेशमी लव उन्हाची तिरीप परतविते व पानातील ओलावा राखते. ही वनस्पती रताळ्याच्या कुळातील आहे. परंतु त्या कुळातील अनेक वेलींप्रमाणे ती आधाराभोवती वळसे घेत नाही, जमिनीलगत पसरते. म्हणूनच लिनियसने १७६२ साली तिच्या प्रजातीस ‘न गुंडाळणारी’ या अर्थाचे ‘एव्हॉल्व्ह्युलस’ हे नाव दिले. तिचे मूळ काष्ठमय व बहुवर्षायू असते. उन्हाळ्यात फांद्या सुकल्या, तरी मुळापासून पुन्हा धुमारे फुटतात.

दक्षता : काही ठिकाणी गोकर्णासही विष्णुक्रांता म्हणतात. यास्तव नावावर विसंबू नये, लक्षणे पाहावीत. ही वनस्पती औषधी म्हणून प्रसिद्ध असली, तरी मुलांनी ती चाखू नये. वर्गासाठी रोप उपटून आणू नये. मूळ गेले की पुढील वर्षाचे फूल गेले. सुप्याजवळील मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली चिंकारांच्या रक्षणार्थ घोषित झाले. तेथील गवताळ माळावरील वनस्पतींसही संरक्षण आहे. म्हणून हा पाठ शाळेनजीकच्या माळावर वा बांधावरच घ्यावा.

प्रश्न : १. फूल केव्हा मिटले? २. पानावरील लवेचा उपयोग कोणता? ३. माळावर सर्वत्र खड्डे खणून झाडे लावल्यास या रोपाचे व चिंकाराच्या चाऱ्याचे काय होईल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांनी सांगू नये. चर्चेतून निघू द्यावे.

स्वाध्याय : प्रत्येकाने एक रोप निवडून त्याशेजारी खूण म्हणून दगड ठेवावा व वैशाखात तेथे पुन्हा जावे. दिसेल ते नोंदवावे आणि पाऊस पडल्यावर तीच नोंद पुढे चालवावी. ‘ओसाड’ हा शब्द वहीत ठेवावा की खोडावा, हे त्यानंतर विद्यार्थ्यांनीच ठरवावे.