नॉनप्लस्ड : यात 'प्लस' कुठे आहे?

जी.आर.ई.ची वर्डलिस्ट पाठ करताना 'एन'पर्यंत पोचलेल्या (म्हणजे खरोखर चिकाटीच्या!) मंडळींना हा शब्द भेटलाच असेल. आपण पडलो इंजिनिअर. नॉन दिसलं की नकार. तेव्हा 'प्लस्ड' म्हणजे गडबडलेला आणि 'नॉनप्लस्ड' म्हणजे शांत, असा हिशोब मी केला, आणि एस.ओ.पी.त लिहून मोकळा झालो : डेमोच्या दिवशी मोटर बंद पडली, पण 'आय रिमेन्ड नॉनप्लस्ड'. सरांनी वाचलं नि म्हणाले, "अरे, तुझी बत्ती गुल झाली होती हे त्या युनिव्हर्सिटीला कशाला कळवतोस?"

मूळ लॅटिन शब्द 'नॉन प्लुस', म्हणजे 'यापुढे आणखी नाही'. जिथे पुढे बोलायला, करायला काही उरत नाही अशी अवस्था. इंग्रजीत तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस आला. नुसतं 'प्लस्ड' असं विशेषण मुळात नाहीच.

आता फरक बघा. कन्फ्युज्ड माणूस ह्याचं त्याला लावतो, पण बोलत राहतो. पझल्ड माणूस डोकं खाजवतो, म्हणजे आत विचार चालू असतो. नॉनप्लस्ड माणसाची गाडीच ठप्प! व्हायवाला एक्स्टर्नलने भलतंच काही विचारलं आणि आपण नुसते त्याच्या तोंडाकडे बघत बसलो, तो क्षण आठवा. मराठीत 'गोंधळलेला' इथे कमी पडतो, 'मती कुंठित झाली' जवळचं. 'किंकर्तव्यमूढ' तर अगदी नेमका, फक्त तो उच्चारताना माणूस स्वतःच तसा होतो.

वापर सोपा आहे : 'ही वॉज नॉनप्लस्ड बाय हर रिप्लाय.' 'बाय'च्या जागी 'ॲट'ही चालतं. स्पेलिंगमध्ये शेवटी डबल एस. अमेरिकेत कधीकधी एकच लिहितात तेही चालतं.

पण खरी गंमत पुढेच आहे. अमेरिकेत विसाव्या शतकापासून बरेच जण हा शब्द चक्क 'अविचलित' या अर्थाने वापरतात, म्हणजे माझाच हिशोब! शब्दकोशांनी तो अर्थ नोंदवलाय, पण अनौपचारिक असा शिक्का मारून. त्यामुळे वाचताना संदर्भ बघा आणि परीक्षेत जुनाच अर्थ धरा. २०११ मध्ये जी.आर.ई.तून अँटोनिम्स गेले, तरी सेंटेन्स इक्विव्हॅलन्समध्ये त्याची जोडी 'परप्लेक्स्ड'शीच लागेल, 'काम'शी नाही.

मी एस.ओ.पी.त 'अनफेज्ड' घातलं आणि पुन्हा सरांकडे गेलो. त्यांनी मान हलवली आणि सहज विचारलं, "पण मोटर बंद का पडली होती रे?"

तेव्हा मात्र मी खराखुरा नॉनप्लस्ड झालो.