आगीच्या फौजेतला दुसरा माणूस

मुंबईच्या उपनगरात, अंधेरीच्या पूर्वेला मरोळ आहे. एके काळी ते शेतीभातीचे गाव होते. मरोळ गावठाण हे नाव आजही चालते. पण गावठाणाच्या चारी बाजूंना आता कारखाने आहेत, कचेऱ्या आहेत, उंच इमारती आहेत, दाट वस्ती आहे. इतकी माणसे एका जागी आली की चूल आली, वीज आली, गॅस आला, तेल आले. आणि हे सगळे आले की आगीचे भयही आले. म्हणून मरोळला अग्निशमन केंद्र आहे.

अग्निशमन म्हणजे काय? अग्नी म्हणजे आग. शमन म्हणजे शांत करणे. आग शांत करणारे ते अग्निशमन दल. आपण सगळे त्याच्या लाल गाडीला बंब म्हणतो. आग लागल्याची खबर केंद्रात येते, तिला तिथली माणसे वर्दी म्हणतात. वर्दी आली की घंटा होते आणि बंब निघतो. जेवणाचे ताट पुढे असले, तरी ते तसेच राहते.

बंब आपण पाहिला आहे. बंबावरचे जवान पाहिले आहेत. आज आपण दलातल्या अशा एका माणसाची माहिती वाचू, ज्याचे नाव सहसा कोणाला ठाऊक नसते. तो म्हणजे दलाचा उपप्रमुख. दुसऱ्या क्रमांकाचा माणूस.

पायरीवर पायरी

मुंबईचे अग्निशमन दल जुने आहे. 1887 साली ते मुंबईच्या नगरपालिकेच्या हाती आले. त्याचे मुख्य ठाणे भायखळ्याला आहे. शहरात आणि उपनगरांत ठिकठिकाणी त्याची केंद्रे आहेत.

या दलात पायरीवर पायरी आहे. सगळ्यांत खाली जवान, म्हणजे फायरमन. त्यांच्यावर केंद्र अधिकारी. काही केंद्रे मिळून एक विभाग होतो, त्यावर विभागीय अधिकारी. त्यांच्या वर उपप्रमुख अग्निशमन अधिकारी. आणि सर्वांत वर प्रमुख अग्निशमन अधिकारी. मुंबईसारख्या मोठ्या शहरात उपप्रमुख एकाहून जास्त असतात. शहराचे भाग त्यांच्यात वाटलेले असतात.

तुम्ही म्हणाल, प्रमुख आहे ना? मग उपप्रमुख कशाला?

आपल्या गावात बघा. सरपंच आहे, तसा उपसरपंचही आहे. सरपंच परगावी गेला, आजारी पडला, म्हणून गावाचे काम अडत नाही. उपसरपंच ते चालवतो. पण ग्रामपंचायतीचा निर्णय उद्यावर टाकता येतो. आगीचा निर्णय उद्यावर टाकता येत नाही. आग पाच मिनिटेसुद्धा थांबत नाही. म्हणून तिथे दुसरा माणूस नुसता नावाला असून चालत नाही. पहिल्याला जे ठाऊक, ते सगळे दुसऱ्यालाही ठाऊक असावे लागते. आणि पहिला उभा असेपर्यंत दुसऱ्याने त्याचा हुकूम मानायचा असतो. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने करायच्या. हे काम सोपे नाही, बरं का!

वर्दी नसते तेव्हा

लोकांना वाटते, आग नसली की आगवाल्यांना काम नाही. तसे नाही. आग लागू नये म्हणून जे काम चालते, ते आग विझवण्याच्या कामापेक्षा मोठे आहे.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधाचा एक कायदा आहे. तो 2006 सालचा आहे. मोठ्या इमारती, कारखाने, दवाखाने, नाट्यगृहे यांच्या मालकांनी आग विझवण्याची साधने बसवावीत आणि ती चालू ठेवावीत, असे तो सांगतो. साधने चालू आहेत असा दाखला दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत, असा दोनदा द्यावा लागतो. नुसते नळ बसवून भागत नाही. नळात पाणी आहे का, हे बघावे लागते. जिना मोकळा आहे का, की तिथे खोकी रचली आहेत? बाहेर पडायच्या दाराला कुलूप तर नाही ना? अशा तपासणीवर वरच्या अधिकाऱ्यांनी नजर ठेवायची असते.

शिवाय बंब तयार आहेत का, होज म्हणजे पाण्याचे पाइप फाटलेले नाहीत ना, शिड्या नीट उघडतात का, जवानांची कवायत होते का, हेही बघायचे असते. मोठे अधिकारी नागपूरला शिकायला जातात. तिथे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. ते 1956 साली उत्तर प्रदेशात रामपूरला निघाले आणि 1957 साली नागपूरला आले. आग कशी वाढते, धूर कुठे जातो, भिंत कधी पडते, हे तिथे शिकवतात. आगीचेही शास्त्र आहे.

वर्दी येते तेव्हा

मुंबईत आगीच्या वर्दीला 1, 2, 3, 4 असे चढते क्रमांक देतात. आग लहान असली तर जवळच्या केंद्राचे बंब जातात. आग वाढली तर जागेवरचा अधिकारी वर्दीचा क्रमांक वाढवतो. मग आणखी बंब येतात आणि वरचे अधिकारीही येतात. मोठ्या आगीवर उपप्रमुख स्वतः जातो.

तिथे तो काय करतो? पाइप धरत नाही. तो आधी बघतो. आत माणसे आहेत का? जिना शाबूत आहे का? वारा कुठला? शेजारच्या घराला धग लागते आहे का? पाणी किती वेळ पुरेल? मग तो माणसे वाटून देतो. तुम्ही मागून जा, तुम्ही शिडी लावा, तुम्ही शेजारच्या भिंतीवर पाणी मारा. सगळेच जण एका खिडकीवर पाणी मारत बसले, तर आग दुसऱ्या बाजूने पसरते.

आणखी एक काम आहे. ते म्हणजे हजेरी.

आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत हेडमास्तर होतो. सकाळी हजेरी घेतल्याशिवाय शाळा सुरू होत नसे. आगीच्या जागीही हजेरी असते. जवान धुरात शिरताना पाठीवर हवेची टाकी आणि तोंडावर मुखवटा लावतो. लोक म्हणतात, त्या टाकीत ऑक्सिजन असतो. तसे नाही. तिच्यात आपली साधी हवाच दाबून भरलेली असते. अंगमेहनतीच्या कामात ती अर्ध्या-पाऊण तासात संपत येते. संपत आली की टाकीची शिटी वाजते.

म्हणून या कामाचा नियम असा आहे. आत कोण गेला, किती वाजता गेला, टाकीत हवा किती होती, हे बाहेर एका फळ्यावर लिहायचे. तो बाहेर आला की नोंद पुरी करायची. वेळ झाली आणि माणूस आला नाही, तर लगेच दुसऱ्यांना त्याच्या शोधाला धाडायचे. आत पाच गेले आणि बाहेर चार आले, हे ज्याला वेळेवर कळले, तोच पाचव्याला वाचवू शकतो. मंडळी, तुम्ही आता नाव लिहायला शिकलात, घड्याळ वाचायला शिकलात. एक नाव आणि एक वेळ नीट लिहिली, तर माणसाचा जीव वाचतो. लिहिण्याचे मोल एवढे आहे.

काळबादेवीची आग

आता एक खरी घडलेली गोष्ट वाचा.

9 मे 2015. शनिवारचा दिवस. मुंबईत काळबादेवीला गोकुळ निवास नावाची जुनी इमारत होती. हा कापडबाजाराचा दाटीचा भाग. तिथे आग लागली. बंब आले. आग मोठी होती, म्हणून दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर स्वतः आले. उपप्रमुख सुधीर अमीन आले. त्यांच्याबरोबर अधिकारी संजय राणे आणि महेंद्र देसाई होते.

काम चालू असताना इमारतीचा भाग कोसळला. राणे आणि देसाई यांनी तिथेच प्राण गमावले. नेसरीकर आणि अमीन फार भाजले. दोघांना ऐरोलीच्या जळीत रुग्णालयात नेले. 14 मे रोजी अमीन गेले. 24 मे रोजी नेसरीकर गेले. पंधरा दिवसांत दलाने आपला पहिला माणूस गमावला आणि दुसराही गमावला.

कोणी विचारील, एवढ्या मोठ्या अधिकाऱ्यांनी आगीच्या इतके जवळ का जावे? कचेरीत बसून हुकूम देता येत नाही का? हा प्रश्न वेडगळ नाही. त्याला दोन बाजू आहेत. जुनी इमारत किती वेळ उभी राहील, हे लांबून कळत नाही. जवानांना आत धाडायचे की मागे बोलवायचे, हे ठरवणाऱ्याने जवळून बघावेच लागते. पण पहिला आणि दुसरा एकाच भिंतीखाली उभे राहिले, तर एका घावात दोघेही जाऊ शकतात. म्हणून धोका दिसताच एकाने पुढे आणि एकाने मागे राहावे, हे शहाणपणाचे. असा विचार करण्याने गेलेल्यांच्या धैर्याला उणेपणा येत नाही. उलट त्यांच्या मरणातून शिकले, तर पुढचे जवान वाचतील.

तरीही दल थांबले नाही. दुसऱ्या दिवशी वर्दी आली आणि बंब निघाले. पुढे प्रभात रहांगदळे यांनी दलाचे प्रमुखपद सांभाळले. पायरीवर पायरी असते, ती याचसाठी.

असाच कठीण दिवस मुंबईने पूर्वीही पाहिला होता. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि दारूगोळाही होता. दुपारी चारनंतर दोन भयंकर स्फोट झाले. आग विझवायला गेलेले दलाचे 66 जण मरण पावले. जे उरले, त्यांनी पुढचे दिवस आगीशी झुंज दिली. म्हणून 14 एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

मरोळचा धडा

आता पुन्हा मरोळला येऊ. 17 डिसेंबर 2018 रोजी मरोळच्या कामगार रुग्णालयाला आग लागली. जवानांनी शिड्या लावून शंभराहून जास्त माणसांना बाहेर काढले. तरी काही रुग्णांचे आणि इतरांचे जीव गेले. त्या दिवशी धुराने फार घात केला.

हे लक्षात ठेवा. आगीत ज्वाळेपेक्षा धूर जास्त माणसे मारतो. धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला गुंगी येते आणि तो खाली पडतो. ज्वाळा त्याच्यापर्यंत पोचलेलीही नसते.

मुंबईचा उपप्रमुख आपल्या गावाला येणार नाही. तालुक्याचा बंब यायलाही वेळ लागतो. तोवर तुमच्या घरातला पहिला माणूस तुम्हीच आणि दुसराही तुमच्यातलाच. म्हणून एवढे शिकून ठेवा.

1. धूर झाला तर वाकून किंवा रांगत बाहेर पडा. गरम धूर वर जातो. जमिनीजवळ हवा बरी असते. नाकातोंडावर ओले फडके धरा.

2. कपड्याने पेट घेतला तर पळू नका. पळाल्याने वारा लागतो आणि आग भडकते. खाली पडा आणि लोळा. दुसऱ्याने जाड घोंगडी टाकून आग विझवावी.

3. कढईतले तेल पेटले तर पाणी ओतू नका. पाण्याची एकदम वाफ होते आणि पेटते तेल अंगावर उडते. चूल बंद करा आणि कढईवर झाकण ठेवा.

4. गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण दाबू नका, काडी ओढू नका. दारेखिडक्या उघडा. टाकीचा रेग्युलेटर बंद करा.

5. विजेने आग लागली तर आधी मेन स्विच बंद करा. वीज चालू असताना पाणी मारू नका.

6. गवताची गंजी घराला आणि गोठ्याला लागून रचू नका.

7. भाजलेल्या जागी साधे थंड पाणी बराच वेळ सोडा. तूप, माती, दातांची पेस्ट लावू नका. लगेच दवाखाना गाठा.

8. 101 किंवा 112 क्रमांकावर फोन करा. गावाचे नाव, वस्तीची खूण, काय पेटले आहे आणि आत कोणी अडकले आहे का, एवढे सांगा. सांगून झाल्याशिवाय फोन ठेवू नका.

9. बंब आला की वाट मोकळी करा. बघ्यांची गर्दी झाली की पाइप टाकायलाही जागा उरत नाही.

10. घराबाहेर आलात की आधी माणसे मोजा. म्हातारी माणसे, लहान मुले, पाहुणे, कोणी राहिले का ते बघा. सामानासाठी परत आत जाऊ नका.

आणि घरात आजच ठरवून ठेवा. आग लागली तर सगळ्यांना हाक कोण मारील? तो घरी नसेल तर कोण मारील? घरातल्या थोरल्या माणसाइतकेच त्याच्या मागच्या माणसालाही हे ठाऊक असू द्या.

प्रश्न

1. वर्दी म्हणजे काय?

2. आत गेलेल्या जवानाचे नाव आणि वेळ बाहेर का लिहितात?

3. 14 एप्रिलला कोणता दिवस पाळतात? का?

4. तेल पेटले तर पाणी का ओतू नये?

5. वहीत तुमच्या घरातल्या सर्वांची नावे लिहा. शेजारी 101 आणि 112 हे आकडे लिहा. ते पान भिंतीवर लावा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना वाचून दाखवा.